क्राफ्ट बिअरचा छंद : पुण्याचा ब्रूपब, बस्तरची हंडी आणि मधले रायपूर

रायपूर : रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कांदा, मीठ, हिरवी मिरची यांच्यासोबत खायचा, ही छत्तीसगडमधील उन्हाळ्याची जुनी न्याहारी. ‘बासी’ या नावाने ती ओळखली जाते. २०२२ च्या कामगार दिनी राज्य सरकारनेच नागरिकांना ‘बोरे बासी’ खाण्याचे आवाहन केले आणि शेतमजुराचे हे अन्न मंत्र्यांच्या ताटात आले. भात, पाणी, उष्मा आणि वेळ एवढ्यावर चव कशी बदलते, हे या राज्यात कोणास शिकवावे लागत नाही. क्राफ्ट बिअरचा छंद नेमका याच निरीक्षणापासून सुरू होतो. मात्र त्यासाठी रायपूरकर सहसा पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठतो. तीनशे किलोमीटरवरच्या बस्तरमध्ये हेच शास्त्र मातीच्या हंडीत शतकानुशतके चालत आले आहे, याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते.

क्राफ्ट बिअर म्हणजे काय, याची सर्वमान्य व्याख्या नाही. अमेरिकेतील ‘ब्रूअर्स असोसिएशन’ ही संघटना वर्षाला ६० लाख बॅरल, म्हणजे साधारण ७० कोटी लिटरपर्यंत उत्पादन असलेल्या आणि मोठ्या मद्यकंपनीचा २५ टक्के वा त्याहून अधिक वाटा नसलेल्या उत्पादकाला या वर्गात बसवते. भारतीय मापाने ७० कोटी लिटरला ‘लहान’ म्हणणे विनोदीच वाटेल. आपल्याकडे हा शब्द सर्वसाधारणपणे जेथे विकली जाते तेथेच बनणाऱ्या बिअरसाठी, किंवा थोड्या प्रमाणात, वेगवेगळ्या शैलींत बाटलीबंद होणाऱ्या बिअरसाठी वापरला जातो. छंद म्हणून पाहणाऱ्याला मात्र कारखान्याच्या आकारापेक्षा दुसरेच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. धान्य कोणते? यीस्ट कोणते? कधी बनली? चव अशी का लागते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना पेला हळू रिकामा होतो, आणि हा छंद नुसत्या मद्यपानापासून तेथेच वेगळा होतो.

या छंदाचा उगम ग्राहकांच्या नाराजीत आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांची एकसाची, वायू भरलेली बिअर पबमध्ये पसरू लागली, तेव्हा १९७१ मध्ये चार तरुणांनी पारंपरिक पद्धतीच्या बिअरच्या रक्षणासाठी ‘कॅमरा’ ही चळवळ सुरू केली. १९७७ मध्ये मायकल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (प्रसिद्ध गायकाशी याचा नावापलीकडे संबंध नाही) जगभरच्या बिअरचे शैलीनुसार वर्गीकरण करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. आज रसिक ज्या शैलींची नावे घेतात, त्यांची चौकट बरीचशी त्याने घालून दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती वापरासाठी बिअर बनवण्यास करमुक्त मान्यता देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तेव्हा त्या देशात बिअरचे कारखाने शंभरच्या आत होते. आज त्यांची संख्या नऊ हजारांवर आहे. त्यांपैकी अनेकांची सुरुवात कोणाच्या तरी स्वयंपाकघरात किंवा गॅरेजमध्ये झाली.

भारतात या प्रवासातला महत्त्वाचा थांबा पुण्याचा. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रूमास्टर ओलिव्हर शाउफ यांच्या साथीने पुण्यात ‘डूलॅली’ सुरू केले. देशातील अगदी पहिल्या मायक्रोब्रूअरींमध्ये त्याची गणना होते. नावही मराठी मुलुखाचेच आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून ब्रिटिश सैनिक कंटाळत, भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यावरून ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. पुढे पुण्यात आणखी ब्रूपब आले, मुंबई, बेंगळुरू आणि गुरुग्राम येथेही त्यांची संख्या वाढली. रायपूरहून पुण्याला थेट जाणारी आझाद हिंद एक्सप्रेस आहे. नोकरी-शिक्षणानिमित्त त्या गाडीने ये-जा करणारी छत्तीसगडची मुले पुण्यात गव्हाची बिअर, स्टाउट किंवा आयपीए प्रथम चाखतात आणि परतल्यावर त्यांना नेहमीची बाटली सपक वाटू लागते.

बिअर बनते कशी, हे समजण्यासाठी मराठी घराला परकी उदाहरणे लागत नाहीत. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, तिला मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. ती पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात, म्हणून मोडाची नाचणी गोडसर आणि पचायला हलकी होते. जवावर हीच क्रिया केली की माल्ट तयार होतो. तो भरडून साधारण ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की विकरे कामाला लागतात आणि गोड पाणी उतरते. ते हॉप्स या वेलीच्या फुलांसह उकळायचे. हॉप्समुळे कडवटपणा येतो, सुगंध येतो आणि टिकाऊपणाही वाढतो. मग थंड करून यीस्ट घालायचे. साखर खाऊन यीस्ट मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. बव्हेरियात १५१६ च्या प्रसिद्ध नियमाने बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स एवढ्यालाच मुभा दिली होती. त्यात यीस्टचा उल्लेख नाही, कारण ते आहे हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. पुढे लुई पाश्चर यांच्या संशोधनाने किण्वनाचे रहस्य उलगडले आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी यीस्टचे शुद्ध बीज वेगळे केले. दर वेळी हुबेहूब तीच चव देणारी आजची बाटली त्या शोधाची देणगी आहे.

यीस्टवरूनच बिअरची दोन मोठी घराणी पडतात. एल घराण्यातले यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर काम करते आणि फळांसारखे, मसाल्यासारखे गंध सोडते. लागर घराण्यातले यीस्ट ८ ते १३ अंशांच्या गारव्यात संथ चालते, नंतर कित्येक आठवडे थंडीत मुरते आणि स्वच्छ, साधी चव देते. भारतात विकली जाणारी बहुतेक बिअर लागर असते आणि तिच्यातही ‘स्ट्राँग’चा वाटा मोठा. केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांनुसार मद्यार्काचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक आणि ८ टक्क्यांपर्यंत असेल तर ती स्ट्राँग बिअर. ग्राहक पैशाच्या बदल्यात नशा मोजतो तोवर हे चित्र बदलणार नाही. क्राफ्ट बिअरचा खरा झगडा या हिशेबाशी आहे.

बस्तरच्या आठवडी बाजारात हा सारा तपशील वेगळ्या वेशात भेटतो. तेथे मिळणारा ‘लांदा’ तांदळापासून बनतो. तांदूळ भिजवून त्याचे पीठ करतात आणि ते वाफवतात. दुसरीकडे मका भिजवून त्याला मोड आणतात, वाळवतात, दळतात. वाफवलेले तांदळाचे पीठ आणि मोडाच्या मक्याचे पीठ पाण्यासह हंडीत घालून काही दिवस ठेवले की पांढरट, आंबट-गोड पेय तयार होते. मोडाचा मका येथे काय करतो? जवाचा माल्ट जर्मनीत जे करतो तेच : त्याची विकरे तांदळातल्या पिष्टाची साखर करतात. म्हणजे लांद्याला ‘तांदळाची बिअर’ म्हणणे ही केवळ उपमा नव्हे, शास्त्रदृष्ट्याही ते नाव चुकीचे नाही. हॉप्स नसल्यामुळे त्यात कडवटपणा नसतो, आणि टिकाऊपणाही नसतो. दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू यीस्टच्या सोबतीने वाढत राहतात, त्यामुळे लांदा लवकरच फार आंबट होतो. बर्लिनची आंबट गव्हाची बिअर किंवा ब्रुसेल्स परिसरातली, हवेतल्या यीस्टवर आंबणारी ‘लांबिक’ यांच्यासाठी शहरी रसिक आवर्जून पैसे मोजतो. त्यांचे नाते लांद्याशी अधिक जवळचे आहे, कारखान्याच्या लागरशी कमी.

राज्याच्या उत्तरेकडे, जशपूर-सरगुजा पट्ट्यात, आणि शेजारच्या झारखंड-ओडिशातही ‘हंडिया’ बनते. तिची वाट निराळी आहे. तेथे धान्याला मोड आणत नाहीत. शिजवलेल्या भातात ‘रानू’ नावाच्या गोळ्या कुस्करून मिसळतात. तांदळाच्या पिठात रानातील मुळ्या आणि साली कुटून या गोळ्या वळतात, वाळवतात. त्यांत बुरशी आणि यीस्ट दोन्ही वस्तीला असतात. बुरशी पिष्टाची साखर करते, यीस्ट साखरेचा मद्यार्क करते. जपानची साके याच तत्त्वावर बनते. मोडाची वाट आणि बुरशीची वाट हे धान्यापासून मद्य बनवण्याचे जगातले दोन प्रमुख मार्ग आहेत, आणि एकाच राज्याच्या दक्षिण आणि उत्तर टोकांना ते नांदतात.

‘बस्तर बिअर’ हे लाडके नाव मात्र लांद्याला नव्हे, सल्फीला मिळाले आहे. सल्फी म्हणजे ज्याला कोकणात भेरली माड म्हणतात त्या झाडाचा रस. त्यात धान्य नाही, त्यामुळे शास्त्राच्या भाषेत ती बिअर नसून ताडी आहे. मोहाची दारू तर ऊर्ध्वपातनाने काढलेली, म्हणून तिचा वर्गच वेगळा. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ही सगळी नावे सरमिसळ होतात. छंदिष्टाने ती वेगळी ओळखायला हवीत.

आता कायद्याकडे. मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांचा विषय आहे. छत्तीसगडमध्ये लागू असलेला आबकारी कायदा मूळचा १९१५ सालचा, म्हणजे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असतानाचा. या राज्यात अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना परंपरागत पेय स्वतःच्या वापरासाठी ५ लिटरपर्यंत बनवण्याची आणि बाळगण्याची सवलत आहे. सण, लग्न, मृत्यू या प्रसंगी देवाला आणि पाहुण्याला पेय देण्याची प्रथा लक्षात घेऊन ती ठेवलेली आहे. विक्री या सवलतीत बसत नाही. तरीही बस्तरच्या बाजारांत लांदा आणि सल्फी उघडपणे विकली जाते, आणि विकणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. बनवणेही प्रामुख्याने त्यांच्याच हातचे. त्यामुळे चित्र विचित्र दिसते. मोडाच्या धान्यापासून पेय बनवणारा शहरातला ब्रूमास्टर परवान्यासह ‘कारागीर’ ठरतो. तेच तत्त्व आईकडून शिकलेली बाजारातली स्त्री कारवाईच्या टांगत्या तलवारीखाली हंडी घेऊन बसते. गोव्याने फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले आणि २०१६ मध्ये तिला ‘वारसा पेया’चा दर्जा दिला. लांद्याच्या वाट्याला अशी ओळख आलेली नाही.

रायपूरच्या शहरी रसिकाची अडचण निराळ्या प्रकारची आहे. पाच लिटरची सवलत त्याच्यासाठी नाही. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही निरागस असो. परदेशी मासिकांत वाचून किंवा चित्रफिती पाहून घरच्या बादलीत प्रयोग करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. महाराष्ट्रातही घरगुती मद्यनिर्मितीला मोकळीक नाही. दुसरीकडे, छत्तीसगडमध्ये एप्रिल २०१७ पासून मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते. कोणताही ब्रँड राज्यात विकायचा तर त्याची तेथे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, शुल्क भरावे लागते. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवत नाही. वर्षाला मोजक्या बाटल्या पाठवू शकणाऱ्या लहान उत्पादकाला मात्र प्रत्येक राज्य म्हणजे जणू नवा देश वाटतो. दुकानाच्या फळीवर वैविध्य कमी का, याचे उत्तर लोकांच्या आवडीत शोधण्याआधी या व्यवस्थेत शोधायला हवे.

पुण्याहून चार बाटल्या सोबत आणाव्यात, हा मोहही जपून आवरावा. एका राज्यातले मद्य दुसऱ्या राज्यात नेण्याचे नियम आणि मर्यादा राज्यागणिक वेगवेगळ्या आहेत. रस्त्याने येणाऱ्यांनी तर नकाशाही नीट पाहावा : छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि वर्धा जिल्हाही कोरडाच आहे.

शिवाय बिअरला प्रवास मानवत नाही. रायपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उष्णता ही बिअरची मोठी वैरीण आहे. तापमान वाढेल तशी ती झपाट्याने शिळी होते. आधी हॉप्सचा सुगंध उडतो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उन्हाचा त्रास वेगळा. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त, उग्र दर्प तयार होतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते. हिरवी किंवा पारदर्शक काच अडवत नाही. म्हणून रायपूरसारख्या शहरात छंदाचा पहिला धडा दुकानाच्या काउंटरवरच मिळतो : लेबलवरचे नाव वाचण्याआधी उत्पादनाची तारीख वाचावी, बाटली शीतकपाटातून दिली जाते की उन्हात तापलेल्या खोक्यातून, ते पाहावे. आयपीएसारखी सुगंधी बिअर दोन-तीन महिन्यांत प्यावी. गडद, जड, अधिक मद्यार्काची बिअर तुलनेने टिकते.

आयपीएचा उल्लेख आला की ‘इंडिया’ या शब्दाची कथा सांगितली जाते : भारतात येणाऱ्या बोटीत टिकावी म्हणून इंग्रजांनी मुद्दाम हा प्रकार शोधला. कथा आकर्षक आहे, पण अतिरंजित. हॉप्स जास्त घातलेली फिकी बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. लंडनच्या हॉजसन यांच्या कारखान्यातून ती अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतात येऊ लागली आणि येथील गोऱ्या ग्राहकांच्या पसंतीमुळे कालांतराने तिला हे नाव पडले.

चव घेण्याची रीत फारशी अवघड नाही, मात्र ती बाटलीतून साधत नाही. स्वच्छ, तेलकटपणा नसलेल्या पेल्यात बिअर ओतावी, फेस येऊ द्यावा. गंध तेथेच मोकळा होतो. आधी वास घ्यावा, मग घोट. बर्फागार बिअरची चव कळत नाही, कारण थंडीने जीभ आणि गंध दोन्ही बधिर होतात. लागर ४ ते ७ अंशांवर ठीक, काळी स्टाउट १० ते १३ अंशांवर अधिक खुलते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो; त्यात केळे नसते की लवंग नसते, ती यीस्टची करामत असते. स्टाउटमधला कॉफीचा भास भाजलेल्या धान्याचा. दोषही नाकानेच ओळखावेत : लोण्याचा वास म्हणजे किण्वन अर्धवट राहिल्याची खूण, कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे घाईने बाहेर काढलेली बिअर. वहीत तारीख, नाव, शैली आणि दोन ओळी टिपून ठेवल्या की सहा महिन्यांत स्वतःची जीभ स्वतःला समजू लागते.

खाण्याशी जोडी जुळवताना एक नियम उपयोगी पडतो. कडवटपणा आणि मद्यार्क दोन्ही तिखटाची आग वाढवतात. सावजी रश्श्यासोबत कडक आयपीए घेणाऱ्याला हे लगेच उमगते. तिखटासोबत माल्टचा गोडवा असलेली, कमी कडू बिअर बरी. तांदळाच्या पिठाचा वाफवलेला छत्तीसगडी फरा किंवा चीला यांच्याशी गव्हाची बिअर चांगली जमते. थालीपिठाच्या खरपूसपणाला तांबूस एल साथ देते.

तांदळाविषयी रसिकांच्या मनात एक अढी असते. मोठे कारखाने जवाच्या जोडीला तांदूळ किंवा मका वापरतात. त्याने बिअर हलकी होते, आणि अनेकदा स्वस्तही. म्हणून तांदूळ म्हणजे भेसळ, असा समज क्राफ्ट वर्तुळात रुजला. रायपूरमध्ये तरी या समजाला थारा मिळू नये. येथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताच्या २३ हजारांहून अधिक वाणांचा संग्रह आहे. त्याचा मोठा भाग डॉ. आर. एच. रिछारिया यांच्या संकलनातून उभा राहिला. सरगुजाच्या सुगंधी जीराफूल तांदळाला २०१९ मध्ये आणि नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोणत्या वाणाचा लांदा कसा लागतो, कोणता तांदूळ किती साखर देतो, सुगंध आंबवणीत टिकतो की उडतो, हे प्रश्न विद्यापीठ, परवानाधारक उत्पादक आणि बस्तरच्या जाणत्या स्त्रिया यांनी एकत्र बसून सोडवण्याजोगे आहेत. मात्र त्यातून येणाऱ्या पेयाच्या बाटलीवर नाव आणि नफ्यात वाटा कोणाचा, हे आधीच ठरायला हवे. नाहीतर हंडी गावात राहील आणि लेबल शहरात छापले जाईल.

हा विषय छत्तीसगडमध्ये हलकेपणाने घेता येत नाही, याचे कारण आकड्यांत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष मद्य पितात. छत्तीसगडमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. दारूबंदी हा येथे निवडणुकीचा मुद्दा राहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्याला अजिबात धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. बिअर त्याला अपवाद नाही, आणि ‘क्राफ्ट’ या विशेषणाने यकृताची समजूत पटत नाही. छत्तीसगडमध्ये मद्य घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास मोटार वाहन कायद्याने शिक्षा होते. जाणते रसिक म्हणूनच शंभर-दीडशे मिलिलिटरचे छोटे पेले मागवतात, चौघांत वाटून घेतात आणि घरी रिक्षाने जातात.

जगदलपूरला जाण्याचा योग आला, तर आठवडी बाजारात लांद्याच्या हंडीवर लेबल किंवा तारीख शोधू नये. हंडी आज उघडली की काल, हे विकणारीला विचारावे. पहिल्या दिवशीचा गोडसर आणि दुसऱ्या दिवशीचा आंबट यांतला फरक तिला घोट न घेता, वासावरून सांगता येतो.